ई अँड ओ विम्याबाबत मराठी चित्रपट महामंडळाला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, कोल्हापूर

विषय : स्वतंत्र मराठी चित्रपटांसाठी ‘एरर्स अँड ओमिशन्स’ (ई अँड ओ) विम्याची सामूहिक सोय आणि करारांचे मराठी नमुने

सप्रेम नमस्कार.

चित्रपट पूर्ण होतो, एखाद्या महोत्सवात लागतो, परदेशी सेल्स एजंटची किंवा ओटीटीवाल्यांची विचारणा येते आणि मग डिलिव्हरी लिस्ट, म्हणजे खरेदीदाराला काय काय द्यायचं त्याची यादी, हातात पडते. डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत), सबटायटल्स, संवाद वगळलेला एम अँड ई ट्रॅक, पोस्टरच्या फाइली, कलाकारांचे करार. त्याच यादीत खाली कुठेतरी एक ओळ असते : एरर्स अँड ओमिशन्स विमा, दर दाव्यामागे १० लाख डॉलर, एकूण ३० लाख डॉलर, मुदत तीन वर्षं, पॉलिसीत खरेदीदाराचंही नाव हवं. असा काही विमा असतो हे आपल्यातल्या अनेकांना त्या ओळीतूनच पहिल्यांदा कळतं. तोवर पैसे संपलेले असतात, कथालेखकाशी झालेला व्यवहार जुना झालेला असतो आणि करारावर सही करायला पंधरा-वीस दिवस उरलेले असतात.

मी कमी बजेटचे मराठी चित्रपट करते आणि ओळखीतल्या दिग्दर्शकांच्या चित्रपटांचं डिलिव्हरीचं कागदकामही पाहते. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक एका मराठी चित्रपटानं मिळवलं, तेव्हा आपल्या सगळ्यांचाच ऊर भरून आला. असे चित्रपट आणखी होणार आहेत. ते महोत्सवातून बाहेर पडून लोकांपर्यंत पोचावेत म्हणून हे पत्र लिहिते आहे. हा विमा एकेकट्या निर्मात्याला मिळवणं फार अवघड आहे, आणि संघटनेनं मनावर घेतलं तर ते पुष्कळ सोपं होईल, एवढंच मला मांडायचं आहे.

शूटिंगचा विमा आपल्या ओळखीचा आहे. कॅमेरा पडला, पावसानं सेट गेला, मुख्य नट आजारी पडला तर तो कामी येतो. ई अँड ओ विमा मात्र पडद्यावर जे दिसतं आणि ऐकू येतं त्यासाठी असतो. कुणी म्हटलं की ही कथा माझी आहे, ही चाल माझी आहे, या पात्रात तुम्ही मला दाखवून माझी बदनामी केलीत, माझ्या खासगी आयुष्यात शिरलात, माझ्या चित्रपटाचं नाव पळवलंत, तर त्या दाव्याचा खर्च आणि भरपाई या विम्यातून निघते. वकिलांचा खर्चही त्यातच येतो आणि खरं ओझं त्याचंच असतं. केवळ कल्पनेवर कुणाचा कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. म्हणजे ‘माझी आयडिया चोरली’ असं म्हणणारा माणूस शेवटी बहुधा हरतो. पण तो शेवट येईपर्यंत उच्च न्यायालयात उभं राहायचं तर छोट्या निर्मात्याचं घर विकायला निघतं.

या विम्यात काय येत नाही, तेही सभासदांना आधीच कळायला हवं. पॉलिसी घेण्याआधी आलेली नोटीस त्यात येत नाही. भागीदारांमधलं नफ्याचं भांडण येत नाही. सेन्सॉरनं सुचवलेल्या कापाकापीचं नुकसान येत नाही, थिएटरबाहेर आंदोलन होऊन शो बंद पडले तर तेही नाही. फौजदारी खटल्यातला दंडही विमा भरून देत नाही, आणि आपल्याकडे अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये मृत व्यक्तीची बदनामीसुद्धा येते. मराठीत चरित्रपटांची लाट आली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

‘सेन्सॉर सर्टिफिकेट आहे ना, मग आणखी काय हवं?’ हा प्रश्न मला अनुभवी निर्मात्यांनीही विचारला आहे. १९५२ च्या कायद्याखालचं ते प्रमाणपत्र चित्रपट लोकांना दाखवायला योग्य आहे की नाही एवढंच सांगतं. कथा कुणाची, गाण्याचे हक्क कुणाकडे, याची तपासणी तिथे होत नाही. विमाकंपनी नेमकं तेच तपासते.

ती काय तपासते हे एका कागदावरून सांगते. गेल्या वर्षी एका तरुण दिग्दर्शकाची फाइल माझ्याकडे आली. चित्रपट उत्तम होता, तो एका कथेवर बेतलेला होता आणि कथेचे हक्क घेतल्याचा पुरावा म्हणून शंभराच्या स्टँपपेपरवर चार ओळी होत्या : ‘मी माझ्या अमुक कथेचे चित्रपटाचे सर्व हक्क श्री. अमुक यांना राजीखुशीने देत आहे. त्यापोटी मला ठरलेली रक्कम मिळाली. पुढे माझी काही तक्रार राहणार नाही.’ खाली सही, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. लेखक खरा, व्यवहार प्रामाणिक, कुणाच्या मनात पाप नाही. आता हाच कागद १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ पुढे ठेवून वाचा. हक्क कुठल्या प्रदेशासाठी दिले ते लिहिलेलं नाही, म्हणून ते फक्त भारतापुरते धरले जातात. किती काळासाठी ते लिहिलेलं नाही, म्हणून पाच वर्षं. आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, शिवाय करारात वेगळं काही म्हटलेलं नाही, तर ते संपले असं समजलं जातं. त्या मुलाला पैसे उभे करायलाच तीन वर्षं लागली होती. म्हणजे चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी, कायद्याच्या नजरेनं पाहिलं तर, कथा त्याच्या हातात नव्हती. शिवाय कराराच्या वेळी जे माध्यम वापरात नव्हतं त्याचे हक्क आपोआप मिळत नाहीत. आणि ‘पुढे काही मागणार नाही’ असं लेखकाकडून कितीही लिहून घेतलं तरी २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीवर त्याला पाणी सोडता येत नाही.

लेखक हयात होते आणि दिलदार होते. त्यांनी नवा करार करून दिला, म्हणून ते प्रकरण मार्गी लागलं. पण दर वेळी लेखक हयात नसतो.

विमाकंपन्या ज्याला चेन ऑफ टायटल म्हणतात तो आपल्या ओळखीच्या भाषेत चित्रपटाचा सातबारा आणि त्यावरचे फेरफार. मूळ लेखकापासून आजच्या निर्मात्यापर्यंत हक्क कसे कसे आले, त्याचा एकही दुवा तुटलेला चालत नाही. मराठी साहित्यावर चित्रपट करायची आपली परंपरा मोठी, म्हणून आपल्याला हे जास्त लागू पडतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कथा-कादंबऱ्यांवर २०२९ च्या अखेरपर्यंत हक्क आहेत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तकं आपल्याकडे २०११ पासून खुली आहेत. पण चित्रपट अमेरिकेत दाखवायचा असेल तर तिथला हिशेब निराळा. गुरुजींच्या १९३५ सालच्या पुस्तकाला तिथे छपाईपासून ९५ वर्षं, म्हणजे २०३० अखेरपर्यंत, संरक्षण असू शकतं. पुण्यात बसलेल्या निर्मात्यानं हे कुणाला विचारायचं? वारसांचंही तसंच. एक मुलगा सांगलीत, एक मुलगी इंदूरला, नातू कॅनडात. एकानं सही दिली म्हणून बाकीच्यांचे हक्क संपत नाहीत. सगळ्यांच्या सह्या, वारस असल्याचा पुरावा आणि त्या सगळ्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, एवढं विमाकंपनीच्या टेबलावर पोचावं लागतं.

गाण्यांच्या बाबतीत तर आपण फारच गाफील आहोत. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, पण आपल्या कानात बसलेली चाल बहुतेक वेळा एखाद्या संगीतकाराची असते आणि रेकॉर्डिंग कंपनीचं असतं. भारूड लोकपरंपरेतलं म्हणून घेतलं, तरी ज्या शाहिरानं ते कॅमेऱ्यापुढे गायलं त्याची लेखी संमती हवीच. वरातीतला बँड, गणपतीपुढचा लाउडस्पीकर, एसटी स्टँडवरच्या चहावाल्याचा रेडिओ हे आपल्या वास्तवाचे आवाज आहेत आणि स्वतंत्र चित्रपटवाल्यांना ते प्रिय असतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये पार्श्वभूमीला सहज दिसणारं चित्र, शिल्प, भिंतीवरचं पोस्टर यांना चित्रपटापुरती सूट आहे. गाण्याला ती नाही. त्या रेडिओवरच्या दहा सेकंदांसाठी रचनेचे आणि रेकॉर्डिंगचे असे दोन वेगळे परवाने लागतात. ते घेतलेले नसले की विमाकंपनी गाण्यापुरतं वगळणुकीचं कलम टाकते आणि खरेदीदार अशी पॉलिसी परत पाठवतो. मग ध्वनिमिश्रण पुन्हा करायचं, तेही पैसे संपल्यावर.

आता शीर्षक. यात महामंडळाचा थेट संबंध आहे. केवळ शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं. तरीही नावामुळे लोकांची फसगत झाली असा दावा होऊ शकतो, म्हणून विमाकंपनी शीर्षकाचा शोध-अहवाल मागते : त्याच किंवा जवळपासच्या नावाचे चित्रपट, पुस्तकं, मालिका आहेत का, मूळ नावानं आणि इंग्रजी नावानंही. आपल्याकडे शीर्षक नोंदवल्यावर मिळणारं पत्र सभासदांसाठी मोलाचं आहे, पण ते या अहवालाची जागा घेत नाही. महामंडळाची नोंदवही कुणालाही इंटरनेटवर शोधता येईल अशी झाली आणि पत्रासोबत शोधाचा निकाल इंग्रजीतही मिळाला, तर निदान मराठीपुरता पुरावा आपण अधिकृतपणे देऊ शकू. मराठी शीर्षकांचा शोध महामंडळाइतका नीट दुसरं कोण घेणार?

प्रत्यक्ष विमा घ्यायला गेल्यावर काय होतं, तेही सांगते. एका विमाकंपनीच्या मुंबईतल्या कार्यालयात मी गेले. अधिकारी सज्जन होते. चित्रपटाचा विमा म्हटल्यावर त्यांनी शूटिंगचं पॅकेज पुढे केलं. शूटिंग केव्हाच संपलंय, हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मग आता तुम्हाला विमा कशासाठी हवा?’ त्यांचा दोष नाही, त्यांच्या टेबलावर हा विषय आजवर कुणी नेलाच नव्हता. पुढे एका ब्रोकरमार्फत दुसऱ्या कंपनीचा मसुदा आला. त्यात क्षेत्राच्या रकान्यात लिहिलं होतं : जगभर, अमेरिका आणि कॅनडा वगळून. आमचा खरेदीदार अमेरिकेतला होता. ते दोन देश आत घ्या म्हटल्यावर उत्तर मिळालं की एका छोट्या चित्रपटासाठी पुनर्विमा कंपनीकडून (विमाकंपनीचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीकडून) वेगळा दर मागवता येणार नाही. अखेरीस परदेशातून पॉलिसी घेतली. हप्ता काही हजार डॉलर, आणि दाव्याची पहिली दहा हजार डॉलरची रक्कम निर्मात्यानंच सोसायची. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ असेल. आपल्याकडे तेवढ्यात एका छोट्या चित्रपटाचं संकलन होतं.

त्या ब्रोकरनं जाता जाता एक वाक्य सांगितलं आणि या पत्राचं निमित्त तेच आहे : ‘मॅडम, एक चित्रपट नका आणू. दरवर्षी इतके चित्रपट येतील, सगळ्यांचे करार एका नमुन्यातले असतील, असं तुमच्या संघटनेचं पत्र आणा, मग बोलता येईल.’

हे होऊ शकतं याचा दाखला अमेरिकेतच आहे. तिथल्या माहितीपट करणाऱ्यांची नेमकी अशीच कोंडी झाली होती. त्यांच्या कायद्यात ‘फेअर यूज’ची, म्हणजे दुसऱ्याच्या कलाकृतीचा काही वापर परवान्याशिवाय करू देणारी, तरतूद होती, पण विमाकंपन्या ती मानायला तयार नव्हत्या. प्रत्येक तुकड्याचा परवाना आणा, नाहीतर तुकडा काढा, असा हट्ट. एकट्या दिग्दर्शकाचं कुणी ऐकत नव्हतं. नोव्हेंबर २००५ मध्ये माहितीपटकारांच्या संघटनांनी वॉशिंग्टनमधल्या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांच्या मदतीनं एक निवेदन काढलं : कुठल्या परिस्थितीत, किती आणि कसा वापर आम्ही योग्य मानतो. कायदा एका अक्षरानंही बदलला नव्हता. पण व्यवसायाची रीत लिखित झाली, धोका मोजता येऊ लागला, आणि दोनेक वर्षांत तिथल्या प्रमुख विमाकंपन्या वकिलाच्या पत्राच्या आधारावर फेअर यूजला विमा देऊ लागल्या. विमाकंपनीला धोका नको असतो असं नाही, धोका घेणं हाच तिचा धंदा आहे. तिला त्या धोक्याचा अंदाज बांधता यायला हवा. आपल्या चार ओळींच्या स्टँपपेपरांवरून तो बांधता येत नाही.

म्हणून महामंडळानं सगळ्यात आधी करारांचे नमुने काढावेत, मराठीत आणि शेजारी इंग्रजीत. कथाहक्क, पटकथा-संवाद, गीत, संगीत, कलाकार, लोककलावंत, चित्रीकरणाची जागा. प्रदेश, मुदत, माध्यमं, रॉयल्टी हे रकाने भरल्याशिवाय करार पुराच होऊ नये, अशी त्यांची रचना असावी. भाषा लेखकाला कळणारी हवी. आज निर्माता इंग्रजी करार पुढे करतो, लेखक विश्वासानं सही करतो, आणि पुढे मन दुखावलं की नोटीस येते. समजून-उमजून केलेला करार लेखकाचं रक्षण करतो तितकंच निर्मात्याचंही.

दुसरं काम विमाकंपन्यांशी संघटना म्हणून बोलण्याचं. न्यू इंडिया ॲश्युरन्ससारख्या सरकारी कंपनीचं मुख्यालय मुंबईत फोर्टातच आहे, खासगी कंपन्याही आहेत. विमा नियामक आयआरडीएआयनं जून २०२२ मध्ये बहुतेक सर्वसाधारण विम्याच्या योजना आधी बाजारात आणून मग नोंदवायला मोकळीक दिली, म्हणजे नवी पॉलिसी आणायची वाट पूर्वीइतकी लांब नाही. महामंडळाच्या नावे एक मुख्य पॉलिसी, त्याखाली चित्रपटागणिक प्रमाणपत्र, क्षेत्र अमेरिका-कॅनडासह, आणि महामंडळाच्या नमुन्यातले करार केलेल्यांना हप्त्यात सवलत, असा प्रस्ताव घेऊन जावं. सोबत मराठी दस्त वाचू शकणाऱ्या चार-पाच वकिलांची यादी ठरलेल्या शुल्कासह असावी, कारण विम्याच्या अर्जावर वकिलाचं नाव लागतंच.

गोरेगावच्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाशीही बोलावं लागेल. शासनाचं अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन दर्जा ठरल्यावर मिळतं. हा हप्ता मात्र त्याआधी भरावा लागतो. तेवढ्यापुरती बिनव्याजी उचल देता आली आणि नंतर अनुदानातून ती वळती करून घेतली, तर शासनाचा एक रुपयाही जादा जाणार नाही. ओटीटी कंपन्यांनाही संघटनेनं लिहावं. ज्या चित्रपटाची विक्री फक्त भारतापुरती आहे त्याच्याकडून ३० लाख डॉलरची मर्यादा मागणं अन्यायाचं आहे. एकटा निर्माता हे लिहू शकत नाही, त्याचा करार अजून सहीविना पडलेला असतो.

महामंडळाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि त्यासाठी समिती नेमावी, अशी मी सभासद म्हणून या पत्राद्वारे विनंती करते. कथाहक्काच्या कराराचा एक कच्चा मसुदा आमच्या वकिलांकडून करून घेतला आहे, तो समितीला विनामूल्य देईन. त्यातलं रॉयल्टीचं कलम लेखक आणि गीतकार यांच्याशी बोलल्याशिवाय पक्कं करू नये असं माझं ठाम मत आहे, म्हणून समितीत निर्मात्यांच्या बरोबरीनं त्यांनाही जागा द्यावी.

आपली नम्र,
महामंडळाची एक सभासद निर्माती
पुणे